कचऱ्याचे आकडे अनिश्चित असताना प्रकल्पाची क्षमता कशी ठरवावी?

प्रश्न थोडक्यात असा: सात लाख वस्तीचे शहर, रोजचा कचरा सुमारे ३०० टन. ओल्या कचऱ्याच्या प्रकल्पाची क्षमता, हस्तांतरण केंद्रांच्या (घंटागाड्यांतला कचरा मोठ्या वाहनांत भरण्याच्या ठिकाणांच्या) जागा आणि क्षेपणभूमीपर्यंतची वाहतूक यांचे लिनिअर प्रोग्रॅमिंगचे (अटी पाळून सर्वांत कमी खर्चाचे उत्तर शोधणाऱ्या गणिताचे) मॉडेल तयार आहे, पण त्यातले सगळे आकडे सरासरीचे आहेत. अनिश्चितता आणायची तर स्टोकॅस्टिक (संभाव्यतांवर आधारलेली), फझी (तज्ज्ञांच्या ढोबळ अंदाजांवर), इंटर्व्हल (किमान-कमाल मर्यादांवर) आणि रोबस्ट (वाईट स्थितीतही टिकणारे उत्तर देणारी) यांपैकी कोणती पद्धत घ्यावी?

पद्धत नंतर निवडा. आधी मॉडेलमधले सगळे निर्णय दोन रकान्यांत वाटा. पहिल्या रकान्यात आज घ्यावे लागणारे आणि नंतर फिरवता न येणारे निर्णय: जागा, प्रकल्पाची क्षमता, हस्तांतरण केंद्र कुठे, ठेकेदाराशी किती वर्षांचा करार आणि त्यात किती टनांची हमी. दुसऱ्या रकान्यात कचरा डोळ्यांपुढे आल्यावर रोज किंवा दरमहा बदलता येणारे निर्णय: कोणत्या प्रभागाच्या घंटागाड्या कुठे रिकाम्या करायच्या, प्रकल्प किती पाळ्यांत चालवायचा, उरलेला माल कुठे पाठवायचा. ही विभागणी म्हणजेच टू-स्टेज स्टोकॅस्टिक प्रोग्रॅमिंग. डँट्झिग आणि बील यांनी १९५५ मध्ये ती स्वतंत्रपणे मांडली, आणि पालिकेचे नियोजन मुळात याच घडणीचे असते. ही विभागणी न करता केवळ सहगुणकांभोवती (मॉडेलमधल्या दरांच्या आणि प्रमाणांच्या आकड्यांभोवती) अनिश्चिततेचे वेष्टन चढवले, तर मॉडेल अवघड होते पण निर्णय सुधारत नाही.

फरक किती पडतो ते छोट्या उदाहरणात पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. तुमचे घालून हिशेब पुन्हा करा. ३०० टनांत ओला भाग ५५ टक्के, म्हणजे १६५ टन. त्यातला खरोखर वेगळा होऊन प्रकल्पापर्यंत किती येईल हे वर्गीकरणावर अवलंबून. तीन सिनॅरिओ (शक्य परिस्थिती) धरू: ७० टन (संभाव्यता ०.३), ११० टन (०.५) आणि १५० टन (०.२). सरासरी १०६ टन. प्रकल्पाचा स्थिर खर्च क्षमतेच्या प्रत्येक टनामागे रोज ५०० रुपये. माल आला नाही तरी तो द्यावाच लागतो. प्रक्रियेचा चालू खर्च टनामागे ६०० रुपये. क्षमतेबाहेर गेलेला माल लांब नेऊन टाकायला टनामागे १,६०० रुपये.

सरासरीचे मॉडेल १०६ टन क्षमता सुचवते आणि रोजचा खर्च १,१६,६०० रुपये दाखवते. हीच क्षमता तिन्ही सिनॅरिओंमध्ये चालवून पाहिली की अपेक्षित खर्च १,२७,४०० रुपये निघतो. रोजची १०,८०० रुपयांची ही तूट त्या मॉडेलला दिसतच नाही, आणि अंदाजपत्रक मात्र त्याच्याच आकड्यावर बांधले जाते. टू-स्टेज मॉडेल ११० टन सुचवते. अपेक्षित खर्च १,२६,६००. म्हणजे चांगल्या मॉडेलने रोजचे ८०० रुपये वाचवले, वर्षाला सुमारे २.९ लाख. फार नाही, आणि ते कबूल करायला हवे.

आता दुसरा आकडा पाहा. वर्गीकरण किती होणार हे आधीच पक्के कळले असते, तर अपेक्षित खर्च १,१६,६०० असता. ११० टनांच्या योजनेशी तुलना केली तर फरक रोजचा १०,००० रुपये, वर्षाला ३६.५ लाख. पूर्ण माहितीचे मूल्य म्हणतात ते हेच. माहिती मिळवण्यासाठी जास्तीत जास्त किती खर्च परवडेल याची ही मर्यादा. पहिला आकडा लहान आणि दुसरा मोठा निघाला, तर सॉल्व्हरवर (मॉडेल सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) आणखी मेहनत घेण्यापेक्षा वजनकाटे, प्रभागवार नमुने आणि वर्गीकरणाची प्रत्यक्ष मोजणी यांवर पैसे घाला. हे दोन आकडे न काढता दिलेला अहवाल मी अपुरा समजतो.

याच उदाहरणात क्षमता ठरवणारा घटक कोणता तेही दिसते. वाढीव एक टन क्षमता ५०० रुपये खाते. वापरली गेली तर १,००० रुपये वाचवते. म्हणजे ती वापरली जाण्याची संभाव्यता ०.५ पेक्षा जास्त असेल तोवर क्षमता वाढवत जायचे. क्षेपणभूमी जवळ असून बाहेर टाकण्याचा खर्च १,२०० रुपयेच असता, तर हीच मर्यादा ०.८३ झाली असती आणि उत्तर ७० टन आले असते. क्षेपणभूमी फार लांब असून तो ३,३०० रुपये असता, तर मर्यादा ०.१९ आणि उत्तर १५० टन. कचऱ्याचे अंदाज तेच, उत्तरे तीन. त्यामुळे अंदाजावर महिने घालवून ‘बाहेर टाकण्याचा खर्च’ मात्र जुन्या निविदेतून उचलणे ही महागडी चूक ठरते. त्या खर्चात वाहतूक, टिपिंग फी (कचरा स्वीकारण्याचे टनामागचे शुल्क), क्षेपणभूमीचे घटणारे आयुष्य आणि लिचेटवरची (कचऱ्यातून झिरपणाऱ्या दूषित पाण्यावरची) प्रक्रिया हे सगळे धरा.

आणि एक पर्याय मॉडेलमध्ये आवर्जून ठेवा: टप्प्याटप्प्याने बांधणी. आज ७० टन बांधायचे, जागा आणि पाया मात्र १५० टनांचा ठेवायचा, वर्गीकरण सुधारले की पुढचे युनिट उभारायचे. नंतरची क्षमता ३० टक्के महाग, म्हणजे टनामागे ६५० रुपये धरली, तरी अपेक्षित खर्च १,२२,००० येतो, ११० टन एकदम बांधण्यापेक्षा रोज ४,६०० रुपयांनी कमी. यात दुसरे युनिट उभे राहीपर्यंतच्या काळाचा खर्च धरलेला नाही. तो महिनावार मॉडेलमध्ये घालावा लागतो आणि निविदेला लागणारा वेळ त्यात प्रामाणिकपणे मोजावा लागतो. तरीही बहुतेक मध्यम शहरांत मला हाच पर्याय योग्य वाटतो. कंपोस्ट आणि बायोगॅस दोन्ही युनिटांमध्ये वाढवता येतात. कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प तसा वाढवता येत नाही.

आता अनिश्चितता नेमकी कुठे आहे ते. एकूण टनेज बहुतेकांना सर्वांत अनिश्चित वाटते. खरे तर चालू वजनकाट्याची दोन वर्षांची नोंद असेल, तर एकूण वजन बऱ्यापैकी अंदाजात बसते. अवघड असतात त्या तीन गोष्टी: वर्गीकरणाचे प्रमाण, ओलावा आणि यंत्रांचा बंद काळ. वजनकाट्याची नोंद म्हणजे गाडी भरून आणि रिकामी अशी दोन्ही वजने. ‘खेपा गुणिले गाडीची क्षमता’ हे वजन नव्हे. अशा नोंदी लगेच ओळखू येतात, कारण रोजचे आकडे एकाच संख्येच्या पटीत येतात आणि पावसाळ्यातही हलत नाहीत. त्यांवरून काढलेले प्रमाण विचलन (चढउताराचे माप) खोटे असते, आणि त्यावर उभे केलेले स्टोकॅस्टिक मॉडेलही.

ओलाव्याकडे थोडे बारकाईने पाहू. शहरातून येणारा कोरडा घटक (पाणी वगळून उरणारा भाग) रोज १०० टन आहे असे धरा. ओलावा ५० टक्के असताना वजनकाट्यावर २०० टन दिसतात. पावसाळ्यात ओलावा ६० टक्के झाला की २५० टन. कोरड्या घटकाचे उष्मांक मूल्य किलोमागे ४,००० किलोकॅलरी धरले आणि पाण्याच्या वाफेत किलोमागे सुमारे ५८५ किलोकॅलरी जाते हे वजा केले, तर पहिल्या स्थितीत कचऱ्याचे मूल्य सुमारे १,७०० येते, दुसऱ्या स्थितीत १,२५०. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये ऊर्जेसाठी वापरायच्या कचऱ्याची रेषा १,५०० वर आखली होती. म्हणजे एकच माल जून ते सप्टेंबरात रेषेखाली जातो, आणि नेमक्या त्याच महिन्यांत वजन २५ टक्क्यांनी वाढलेले असते. मॉडेलमध्ये वजन आणि उष्मांक मूल्य हे दोन स्वतंत्र यादृच्छिक चल (अनिश्चितपणे बदलणारे आकडे) घेतले, तर ‘जास्त वजन आणि चांगला जळणारा कचरा’ असे निसर्गात नसलेले सिनॅरिओ तयार होतात, आणि भट्टीचा प्रकल्प आहे त्यापेक्षा आकर्षक दिसू लागतो. उपाय सोपा आहे: यादृच्छिक चल कोरडा घटक आणि ओलावा हे घ्या, वजन आणि उष्मांक मूल्य त्यांवरून काढा.

वर्गीकरणाची अडचण आणखी वेगळी. त्याची संभाव्यता तुमच्या निर्णयानेच बदलते. दारोदार संकलनात कचरावेचकांना सामावून घेतले, गाडीत दोन कप्पे ठेवले, मिश्र कचरा नाकारला, तर ७० टनांची संभाव्यता घटते. नेहमीच्या टू-स्टेज मॉडेलमध्ये निर्णयावर अवलंबून असलेली अनिश्चितता बसत नाही. ती सूत्रात कोंबण्याऐवजी प्रत्येक संकलन धोरणासाठी सिनॅरिओंचा स्वतंत्र संच करा, मॉडेल तितक्या वेळा सोडवा आणि निकालाच्या खर्चात संकलनाचा वाढीव खर्च मिळवून तुलना करा. पुण्यात २००८ पासून स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्था दारोदार संकलन करते आहे. अशा शहराचे आणि केवळ ठेकेदाराच्या कॉम्पॅक्टरवर चालणाऱ्या शहराचे सिनॅरिओ एकाच संचात घालणे चूक आहे.

मॉडेलच्या मर्यादांमध्ये, म्हणजे उत्तराने पाळायच्या अटींमध्ये, सर्वांत जास्त चुका वस्तुमानाच्या ताळेबंदात होतात. प्रकल्पात शिरलेला प्रत्येक टन कुठेतरी बाहेर पडला पाहिजे: खत, वायू, उडालेले पाणी, पुनर्वापराचा माल, आरडीएफ (कचऱ्यापासून केलेले इंधन) आणि उरलेला रिजेक्ट (निरुपयोगी भाग). खताचा वाटा आत गेलेल्या ओल्या मालाच्या पाचव्या भागाच्या आसपास असतो. रिजेक्टचे प्रमाण स्थिर धरू नका. ते वर्गीकरणाच्या दर्जाला बांधा. मिश्र कचरा आला की तेच यंत्र दुप्पट-तिप्पट रिजेक्ट बाहेर टाकते, तो पुन्हा गाडीत भरून क्षेपणभूमीवर न्यावा लागतो आणि वाहतुकीचा खर्च दोनदा पडतो. रिजेक्टची ओळ विसरलेले मॉडेल दरवेळी ‘सगळा कचरा प्रकल्पात’ असेच उत्तर देते.

आता पद्धतींकडे. गॉर्डन हुआंग, बेट्झ आणि पॅट्री यांनी १९९२ पासून घनकचरा नियोजनासाठी ग्रे, म्हणजे इंटर्व्हल पद्धतीचे लिनिअर प्रोग्रॅमिंग रुजवले. प्रत्येक सहगुणकाची फक्त किमान आणि कमाल मर्यादा माहीत असली तरी ते चालते, आणि उत्तरही मर्यादांमध्येच येते. प्राथमिक चाळणीसाठी ते उपयोगी आहे. पण निविदेत ‘७० ते १५० टन’ असे लिहिता येत नाही, आणि उत्तराच्या मर्यादांतली प्रत्येक जोडी व्यवहार्य असतेच असे नाही. म्हणून इंटर्व्हल वापरायचे तर खर्चाच्या दरांसाठी वापरा, क्षमतेसाठी टू-स्टेजच ठेवा. दोन्हींची सांगड घालणारी मॉडेल्सही पुढे याच अभ्यासकांनी केली. फझी पद्धत तज्ज्ञांच्या अंदाजांशिवाय हाती काहीच नसेल तेव्हाच. वजनकाटा चालू असताना सदस्यत्व फलन (कोणता आकडा किती शक्य धरायचा ते सांगणारा आलेख) हाताने काढत बसण्यात अर्थ नाही.

रोबस्ट पद्धतीत बर्ट्सिमास आणि सिम यांची २००४ मधली मांडणी व्यवहारात चांगली चालते. १५ प्रभाग, प्रत्येकी २० टन, प्रत्येकात ५ टनांची वाढ शक्य. सगळे प्रभाग एकदम वाढले तर ३७५ टन. इतके कोणी बांधत नाही. एका वेळी जास्तीत जास्त चारच प्रभाग पूर्ण वाढतील असे धरले, म्हणजे त्यांच्या भाषेत गॅमा ४ घेतला, तर ३२० टन. प्रभाग एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर गॅमा प्रभागसंख्येच्या वर्गमुळाच्या आसपास घेणे वाजवी. पण ते स्वतंत्र नसतात. गणपतीत निर्माल्य सगळ्याच प्रभागांत वाढते, दिवाळीआधीची साफसफाई सगळीकडे एकाच आठवड्यात होते, पाऊस तर सगळ्यांवर पडतो. त्यामुळे शहरभर एकच ऋतूचा घटक घ्या, प्रभागाचा स्वतःचा चढउतार त्याच्यावर ठेवा, आणि गॅमा फक्त त्या दुसऱ्या भागाला लावा.

चान्स-कन्स्ट्रेंड पद्धत, म्हणजे ‘९५ टक्के दिवस क्षमता पुरली पाहिजे’ अशी अट, अधिकाऱ्यांना चटकन पटते. सरासरी ३००, प्रमाण विचलन २५ टन आणि वितरण नॉर्मल धरले तर ३४१ टन क्षमता लागते. धोका उरलेल्या ५ टक्क्यांत आहे. वर्षाचे ते १८ दिवस विखुरलेले असतील तर काही बिघडत नाही. पण जुलैत सलग १० दिवस ३६० टन आले, तर १९० टन माल साचतो. घनमीटरला ४५० किलो घनता धरली तर ४२० घनमीटरहून अधिक. ओला कचरा दुसऱ्या दिवशी सडायला लागतो, आणि हस्तांतरण केंद्राच्या शेजारच्या वस्तीला तुमची ९५ टक्क्यांची अट माहीत नसते. म्हणून निदान पावसाळ्याचे चार महिने रोजच्या पायरीने घ्या आणि साठ्याचे समीकरण लिहा: आजचा साठा म्हणजे कालचा साठा अधिक आवक उणे प्रक्रिया उणे बाहेर पाठवलेला माल. साठ्याला जागेची मर्यादा घाला आणि ओल्या मालाला एका दिवसाची.

यंत्रांचा बंद काळही असाच. ‘उपलब्धता ८५ टक्के’ म्हणून क्षमता ०.८५ ने गुणून टाकली की हिशेब गुळगुळीत होतो. प्रत्यक्षात श्रेडर (कचऱ्याचे तुकडे करणारे यंत्र) रोज १५ टक्के बंद नसतो. त्याचा शाफ्ट किंवा गिअरबॉक्स जातो, सुटा भाग यायला दहा-बारा दिवस लागतात, आणि तेवढे दिवस क्षमता शून्य असते. बंद काळ सलग दिवसांचे तुकडे म्हणून सिनॅरिओत घाला. असे केले की सरासरीच्या मॉडेलने नाकारलेला पर्याय, एका १०० टनांच्या ओळीऐवजी ५० टनांच्या दोन, बहुतेक वेळा निवडला जातो.

काही घटनांना मात्र संभाव्यता लावता येत नाही, आणि लावूही नये. २०१७ च्या एप्रिलमध्ये पुण्याजवळ उरुळी देवाचीच्या कचरा डेपोला आग लागली. फुरसुंगी-उरुळीच्या ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या आणि पुण्याचा कचरा शहरातच अडकला. मे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांजूरमार्गच्या क्षेपणभूमीची जागा संरक्षित वन ठरवली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. अशा घटनेची ‘संभाव्यता ०.०२’ कुठून आणणार? तिच्यासाठी वेगळी कसोटी ठेवा: निवडलेली योजना घ्या, एकेक केंद्र ३० दिवस बंद करा आणि कचरा कुठे जातो ते पाहा. जाण्याला वाटच उरत नसेल तर योजना नाकारा, मग तिचा अपेक्षित खर्च कितीही कमी असो. मोजता येणाऱ्या वाईट दिवसांसाठी उद्दिष्ट फलनात (मॉडेल जे कमीत कमी करू पाहते त्या सूत्रात) सरासरी खर्चासोबत सर्वांत वाईट ५ टक्के सिनॅरिओंचा सरासरी खर्च घ्या. रॉकाफेलर आणि उर्यासेव्ह यांच्या २००० मधल्या मांडणीमुळे तो लिनिअर रूपातच लिहिता येतो.

आकारमानाची भीती नको. ४० संकलन क्षेत्रे, ८ केंद्रे, ३ प्रकारचा कचरा, १२ महिने, ३० सिनॅरिओ म्हणजे ३,४५,६०० प्रवाहचल. पूर्णांक चल (केंद्र बांधायचे की नाही, असे) फक्त पहिल्या टप्प्यात, पन्नासच्या आत. पायोमो या मॉडेल लिहिण्याच्या साधनात लिहून हायजीएस या मोफत सॉल्व्हरला देता येते. वेळ फार लागला तर आधी बिग-एमचे आकडे (‘केंद्र बांधले तरच वापरायचे’ अशा अटींत टाकलेले मोठे आकडे) तपासा. तिथे दहा लाख वगैरे टाकलेले असतील, तर त्या जागी केंद्राची खरी कमाल क्षमता लिहा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते. बेंडर्स विघटनाची (मोठे मॉडेल तुकड्यांत सोडवण्याच्या पद्धतीची) गरज त्यानंतरच. सिनॅरिओ तयार करताना वजनकाट्याच्या नोंदीतून सुटे दिवस न उचलता आख्खे आठवडे उचला, म्हणजे सणवार आणि पावसाच्या लाटा जशाच्या तशा राहतात. संख्या कमी करताना टोकाचे आठवडे गाळू नका. ३० सिनॅरिओंवर उत्तर काढले की ती क्षमता गोठवा आणि मॉडेलने न पाहिलेल्या १,००० सिनॅरिओंवर चालवून पाहा. दोन्ही खर्चांत मोठी तफावत दिसली तर ३० पुरेसे नव्हते.

करारातली हमी स्वतंत्र चल म्हणून घाला. ठेकेदाराला रोज अमुक टन पुरवण्याची हमी दिली की कमी पडलेल्या प्रत्येक टनाचा दंड खर्चात येतो, आणि वर्गीकरण सुधारण्यात पालिकेलाच तोटा दिसू लागतो. भट्टीच्या प्रकल्पात हे हमखास घडते: सुका माल वेगळा काढून पुनर्वापराला दिला की भट्टीची हमी मोडते. हमीचा आकडा सरासरीवर न ठेवता सर्वांत कमी आवकेच्या सिनॅरिओवर ठेवून पाहा. टिपिंग फी किती वाढवून दिली तरी परवडते ते मॉडेलच सांगेल, आणि वाटाघाटीला बसताना तोच आकडा हातात हवा.

आयुक्तांपुढे नेताना एकच ‘इष्टतम’ क्षमता नेऊ नका. तीन-चार पर्यायांचा तक्ता न्या: आजचा भांडवली खर्च, अपेक्षित वार्षिक खर्च, वाईट ५ टक्क्यांतला खर्च, पावसाळ्यात माल साचण्याचे दिवस, आणि एक केंद्र बंद पडल्यास काय होते. टप्प्याटप्प्याची योजना असेल तर दुसऱ्या युनिटची निविदा कधी काढायची याचा नियमही ठरावातच लिहून घ्या, उदाहरणार्थ ‘पावसाळा वगळून सलग तीन महिने वेगळा आलेला ओला कचरा ६५ टनांवर राहिला की’. पावसाळा वगळायचा, कारण त्या महिन्यांत वजनकाट्यावर वाढलेले दिसते ते बरेचसे पाणी असते.